भिंतीपलीकडचा रंधा

१

माझ्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं तर आधी बांगड्या, अंगठ्या, गळ्यातलं सगळं काढून दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचं. ओढणी असेल तर ती खुंटीला. केस बांधायचे, डोळ्यांवर चष्मा चढवायचा, आणि मशीनचं बटण दाबायच्या आधी कानांवर मफ घालायचे. दिसायला ते हेडफोनसारखे असतात, पण त्यांतून गाणी येत नाहीत. ते आवाज अडवतात. या नियमांतून कुणालाच सूट नाही. मला तर मुळीच नाही.

मी सव्वीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. माझ्या हाताखालून नऊशेच्या वर मुलंमुली गेली. त्यांतल्या एकाचंही बोट माझ्या वर्गात तुटलं नाही. लोक निवृत्त झाल्यावर मिळालेल्या शाली दाखवतात, मी हा आकडा सांगते.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि वराळ्याच्या आमच्या घराला लागून जे गॅरेज आहे त्यात स्वतःचं वर्कशॉप थाटलं. माझा नवरा धम्मदीप एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शिकत असताना आम्ही एकाच बाकावर बसायचो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे चालतं. गॅरेज हे गाडीसाठी असतं असं त्याचं मत होतं. वर्षभर त्यानं ते मांडलं, मग मांडायचं सोडून दिलं.

जागा अकरा बाय अठराची. पुढे रस्त्याच्या बाजूला शटर, डावीकडे एक खिडकी, उजव्या भिंतीला कामाचा बाक आणि त्याच्यावर फळीला टांगलेली हत्यारं. मधोमध टेबल सॉ, म्हणजे लोखंडी टेबलातून वर आलेली गोल करवत. मागची भिंत मात्र मी मोकळी ठेवली होती. लांब फळी चिरताना ती पात्याच्या पलीकडे बाहेर पडते, तिला जागा लागते. त्या भिंतीला ना खिडकी, ना दार, ना एखादा खिळा. तिच्या पलीकडे भाताची खाचरं सुरू होतात.

दर बुधवारी सकाळी माझ्याकडे तिघी शिकायला यायच्या. कोमल, प्रतीक्षा आणि जवळच्या कान्हे गावच्या नंदाबाई. नंदाबाईंना कोंबड्यांची खुराडी बनवायची होती. इतर दिवशी मी एकटी असे.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी नंदाबाईंच्या खुराड्यासाठी पट्ट्या चिरत होते. मफ घातले की मशीनचा कर्कशपणा जातो आणि शेजारच्या घरात कुणी मिक्सर लावावा तशी सपाट घरघर उरते. त्या घरघरीच्या खाली मला रंध्याचा आवाज आला. हातरंध्याचा. लाकडावरून पातळ साल काढत पुढे जाणारा, थांबणारा, मागे येणारा, पुन्हा पुढे जाणारा.

सुतारकामाच्या जागी रंध्याचा आवाज, यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पाच-सहा पट्ट्या तशाच चिरून झाल्या. मग माझ्या लक्षात आलं की गॅरेजमध्ये माझ्याशिवाय कुणी नाही आणि माझा रंधा समोर फळीवर टांगलेला आहे.

२

मी मशीन बंद केलं. पातं थांबलं तसा रंधाही थांबला. मफ काढले. रस्त्यावरून गॅसच्या टेम्पोची घंटी गेली, बाकी सामसूम. मफ न घालता मशीन सुरू केलं, तर नुसता करवतीचा कल्ला. मशीन बंद ठेवून मफ घातले, तर माझ्याच कानातली नाडी. मग दोन्ही एकत्र केलं, मशीन चालू आणि कानावर मफ. रंधा पुन्हा आला. मधल्या वेळात कुणी चहा पिऊन यावं तसा, जिथं सोडला होता तिथून.

घाबरायच्या आधी मोजमाप घ्यायची मला सवय आहे. मी बाहेर पडून गॅरेजला वळसा घातला. मागे कापणी झालेलं खाचर, त्यात धसकटं, चार बगळे. भिंतीलगतच्या मऊ मातीत एकही पाऊल नव्हतं. पलीकडचं घर दोनशे फुटांवर आणि त्याला कुलूप. परत येऊन मी मफ बदलून पाहिले, कानात स्पंजचे बोळे घालून पाहिले. आवाज तसाच. मफच्या वाटीत मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं, त्यात फक्त घरघर निघाली.

तेव्हा हे माझ्याच कानात आहे असं मी ठरवलं, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. सव्वीस वर्षं मशीनशेजारी काढल्यावर कान थोडंफार कुरकुरणारच. तळेगावात कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासणी केली. वयाच्या मानानं कान उत्तम आहेत, म्हणाले. कानात वाजतं ते नेमकं कसं असतं, शिट्टीसारखं की घंटीसारखं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की चौदा इंची रंध्यासारखं असतं, आणि पातं जरा जास्त बाहेर काढलेलं आहे. त्यांनी माझ्या झोपेबद्दल चौकशी केली. माझी झोप चांगली आहे.

धम्मदीपला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. रविवारी तो स्वतः मफ घालून चालू मशीनपाशी दहा मिनिटं उभा राहिला. मीही दुसरे मफ घालून शेजारी उभी होते. त्याला काही ऐकू आलं नाही. त्या दिवशी मलाही आलं नाही.

"रविवारची सुट्टी असेल," तो म्हणाला, आणि आम्ही जेवायला गेलो.

सोमवारी आवाज कामावर हजर होता.

३

भीती वाटत नव्हती, असंच म्हणायला हवं. उलट मी ऐकायला लागले. शिक्षकाचा कान हा वाईट असतो. पाठमोरा उभा राहूनही तो वर्गातल्या प्रत्येक हाताचं काम तपासत असतो.

रंधा मागच्या भिंतीतून येत होता, मधल्या भागाच्या थोडं डावीकडून. तो चालवणारा प्रत्येक फेरीत दोन पावलं टाकत होता, म्हणजे लाकूड लांब होतं, साडेसहा फुटांच्या आसपास. तसे दोन तुकडे झाले. मग तीन आखूड. ते उभ्यानंच, पाऊल न टाकता. पुढच्या आठवड्यात पटाशीचा आवाज सुरू झाला, लाकडी हातोड्याचे बेतानं घातलेले घाव. खाचा पाडणं चाललं होतं. दोन लांब, तीन आखूड, आणि त्यांच्या टोकांना खाचा. माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनीही सांगितलं असतं की ही दाराची चौकट बसते आहे, दोन उभे आणि तीन आडवे.

मी ते वहीत लिहून ठेवलं. तारीख, वेळ, काय काम झालं. वहीत उतरलं की कुठलीही गोष्ट आटोक्यात आल्यासारखी वाटते.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. रंधा पुढे ढकलून झाल्यावर मागे आणताना तो किंचित उचलायचा असतो. न उचलता तसाच घासत आणला तर पात्याची धार बोथट होते. हे नवखे सगळेच करतात. भिंतीपलीकडेही तेच चाललं होतं. पुढे जाताना स्वच्छ, मागे येताना घस. पुढे जाताना स्वच्छ, मागे येताना घस. तीन दिवस मी ते ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी, पट्टी चिरता चिरता, मान न वळवता, माझ्या तोंडून निघून गेलं:

"मागे आणताना उचल."

नऊशे मुलांना सांगून झालेलं वाक्य. ते बोलायला मला विचार करावा लागत नाही.

रंधा थांबला. माझ्या हातातली पट्टी अजून पात्यात होती, ती मी शेवटपर्यंत ढकलली, कारण पट्टी अर्धवट सोडायची नसते. मग रंधा पुढे गेला. आणि मागे येताना आवाज आला नाही. पुन्हा पुढे गेला, पुन्हा मागे नुसती शांतता. उचलून आणला जात होता. दहा वेळा, वीस वेळा, न चुकता, शाबासकीची वाट बघावी तसा.

मी मशीन बंद करून घरात आले आणि दोन तास भाजी निवडत बसले. ही नोंद मी वहीत केली नाही. धम्मदीपलाही सांगितली नाही.

४

यानंतर मी जे केलं ते मी कुणाही विद्यार्थ्याला करू दिलं नसतं. मी मफ घालायचं सोडलं.

कारणं मी स्वतःला व्यवस्थित दिली. दहाच मिनिटांचं काम आहे. शटर उघडं आहे, आवाज बाहेर जातो. जुने सुतार कुठं मफ घालायचे. या सगळ्या सबबी मी सव्वीस वर्षं ऐकल्या होत्या आणि प्रत्येकीला माझ्याकडे उत्तर होतं. पण मफ घातले नाहीत तर रंधा ऐकू येत नव्हता, आणि ऐकू आला नाही तर माझ्या तोंडून काही निघायचा प्रश्न नव्हता.

संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची. तिच्याविषयी माझी तक्रार नव्हती, ती शिट्टी खरी होती.

आठव्या दिवशी फळी उलटली. फळी चिरताना तिचं तोंड जरा जरी वाकडं झालं तरी फिरतं पातं तिला मागे, माणसाच्या दिशेनं भिरकावतं. ताकद एवढी असते की पोटात बसली तर माणूस उठत नाही. म्हणून पात्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, डावीकडे सरकून उभं राहायचं, हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. उघड्या कानांवर तो कल्ला घेत काम करताना डोकं बधिर होतं, हात घाई करतात. माझ्या हातांनी घाई केली. फळी माझ्या कमरेशेजारून गेली आणि शटरच्या कडेला आदळली. पत्र्याला वीतभर पोचा पडला. मी डावीकडे उभी होते म्हणून हे सांगायला आहे.

धम्मदीपनं घरी आल्यावर आधी पोचा पाहिला, मग खुंटीवर लटकलेले मफ. त्यांच्यावर धूळ बसली होती. त्यानं बोटानं ती पुसली आणि बोट मला दाखवलं. एवढंच. तो कारखान्यातही कुणाला ओरडत नाही, असं ऐकलंय मी.

मग मी त्याला दाराबद्दल सांगितलं. शिकवल्याबद्दल नाही सांगितलं.

तो म्हणाला की भीती कशाचीही वाटू दे, बोटं जायचा धोका तरी खरा आहे ना, मग मफ घाल. मला ते पटलं. मला पटेल अशाच भाषेत तो बोलला होता.

५

त्या बुधवारी तिघीही आल्या होत्या. मी नेहमीसारखे प्रत्येकीचे हात, केस, चष्मा, मफ तपासले. तिघींना पहिल्यांदाच मशीनवर, पाळीपाळीनं एकेक पट्टी चिरायला दिली; तोवर त्यांचं काम हातकरवतीवर चालायचं. कोमल आणि प्रतीक्षा चिरताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. काही नाही. दोघींचं लक्ष पात्यावर होतं, जिथं असायला हवं तिथंच.

नंदाबाई पन्नाशीच्या आहेत, घरची शेती, सकाळी चारला उठून जनावरांचं करून स्कूटीवर येणाऱ्या. त्यांनी पट्टी शांतपणे चिरली, बटण बंद केलं, मफ गळ्यात उतरवले आणि मागच्या भिंतीकडे बघितलं.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "पल्याड कोन काम करतंय? हात लय चांगला हाय त्याचा."

कोमल आणि प्रतीक्षा एकमेकींकडे बघून हसल्या. पल्याड शेत आहे, असं मी म्हटलं. नंदाबाईंनी मान हलवली. वर्ग सुटल्यावर मात्र त्या मागे थांबल्या. दोघी गेल्यावर त्यांनी मला विचारलं की हे मला ऐकू येतं का. मी हो म्हटलं. किती दिवस, म्हणाल्या. दीड महिना, मी म्हटलं.

मला वाटलं त्या आता देवऋषी काढतील, नारळ-लिंबू सांगतील, आणि मी त्यांना गप्प करीन. त्यांनी तसलं काही काढलं नाही. त्यांनी विचारलं, काय बनवतंय. मी सांगितलं. दाराची चौकट जोडून झाली आहे, फळ्या बसल्या आहेत, गेल्या दोन दिवसांत पटाशीचे उथळ घाव ऐकू येताहेत, एकाच बाजूला तीन ठिकाणी. बिजागऱ्यांच्या जागा कोरल्या जाताहेत.

"म्हंजे बसवायचंच राह्यलं," नंदाबाई म्हणाल्या.

"हो."

"मग बुधवारी मी लवकर येते. तुमी एकल्या नका चालवू."

दोन माणसं असल्याशिवाय धोक्याचं मशीन चालवायचं नाही, हा माझाच नियम होता. तो मला माझ्या विद्यार्थिनीनं सांगितला, आणि मला फार बरं वाटलं.

६

पुढच्या बुधवारी कोमलच्या घरी लग्न होतं आणि प्रतीक्षा तिच्याबरोबर गेली होती. नंदाबाई साडेनऊलाच आल्या. खिडकीतून ऊन थेट मागच्या भिंतीवर पडलं होतं. आदल्या दिवशीचा भुसा मी झाडला नव्हता. साधारण अर्ध्या बोटाचा थर सगळीकडे पसरला होता, भिंतीच्या पायथ्यापर्यंत. काम संपल्यावर जागा झाडायची, हाही नियमच. तो मी मुद्दाम मोडला होता. काही झालंच तर खूण उमटावी म्हणून.

आम्ही दोघींनी मफ घातले आणि एक लांब फळी पात्याला लावली. मी ढकलत होते, नंदाबाई दुसऱ्या बाजूनं धरायला उभ्या होत्या, भिंतीकडे पाठ करून.

स्क्रू पिळले जात होते. सुक्या लाकडात स्क्रू घट्ट होताना शेवटी एक बारीक कुंई असा आवाज करतो. मी मोजत होते. नंदाबाईंचेही ओठ हलत होते. चार झाले, थोडी उसंत, पुन्हा चार. मग तिसऱ्या बिजागरीचे. एक. दोन. तीन. चौथा बराच वेळ घेत होता. तो कुंई वाजला आणि थांबला.

फळीचा शेवटचा हातभर भाग राहिला होता. मी नंदाबाईंच्या डोळ्यांत बघून मान हलवली आणि आम्ही ती पूर्ण चिरली. त्यांनी दोन्ही तुकडे खाली ठेवले आणि टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी आल्या. आता दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या होतो. मशीन चालूच होतं.

लाकूड लाकडापासून सुटतं तेव्हा एक हलका, कोरडा आवाज होतो, ओठ विलग व्हावेत तसा. तो आला. आणि भिंतीच्या पायथ्याचा भुसा सरकला.

तो उडाला नाही, सरकला. कुणीतरी जमिनीवर कंपास ठेवून वर्तुळाचा चौथा हिस्सा काढावा तसा, डाव्या बाजूला टोक रोवून, सावकाश आमच्या दिशेनं. पुढच्या कडेला भुशाचा बारीक ढीग साचत गेला आणि मागे स्वच्छ फरशी उघडी पडत गेली. भिंत जागेवर होती. तिच्यावर ऊन होतं. भिंतीत काही झालं नाही. नंतर मी ती कमान मोजली. अडीच फूट. घरातल्या दाराचं नेहमीचं माप.

मी लाल बटण दाबलं. पातं थांबेपर्यंत आम्ही हललो नाही. मफ काढले. रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत चाललं होतं.

नंदाबाईंचा आवाज अगदी साधा होता. "म्याडम, आता ते उगडंच हाय का मिटलं, हे कसं कळायचं?"

तोच प्रश्न मलाही पडला होता. मशीन बंद असताना काहीच ऐकू येत नाही. ऐकायचं तर ते पुन्हा चालू करावं लागणार होतं.

मी नंदाबाईंना शटरच्या बाहेर, मेन स्विचपाशी उभं केलं. मी हात वर केला की खटका ओढायचा, बाकी काही बघायचं नाही, काही विचारायचं नाही. त्यांनी मानेनं होकार दिला. मी मफ घातले, हिरवं बटण दाबलं आणि खिडकीकडे दोन पावलं सरकून, डावा कान मशीनकडे करून उभी राहिले.

घरघर. रंधा नाही, पटाशी नाही. सगळं काम संपल्यावर वर्ग जसा रिकामा वाटतो तसं. मी मनात साठपर्यंत मोजायचं ठरवलं. विसाच्या पुढे भुसा दबल्याचा आवाज आला. अनवाणी पायांखाली दबतो तसा. थांबत थांबत, नवीन मुलगा पहिल्या दिवशी वर्गात येतो तसा.

मग माझ्या डाव्या कानातली घरघर मंद झाली.

हे सव्वीस वर्षांत हजारदा अनुभवलंय मी. मशीन आणि आपल्या मध्ये कुणी येऊन उभं राहिलं की त्या बाजूचा आवाज त्याच्या अंगात मुरतो. बघायची गरज नसते. तरी मी बघितलं. मशीनच्या आणि माझ्या मध्ये कुणी नव्हतं. पण तिथल्या भुशात दोन जागा दबलेल्या होत्या, खांद्याएवढं अंतर ठेवून, डावी जरा पुढे. पात्याच्या रेषेत नाही. रेषेच्या डावीकडे. मी शिकवते अगदी तिथं.

ते पुढच्या सूचनेची वाट पाहत होतं. हे मला कसं कळलं ते सांगता येणार नाही, पण ज्यानं शिकवलंय त्याला कळतं. आणि माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगते तेच, हात पात्यापासून वीतभर लांब ठेव. ओठ उघडलेही असतील. मी ते वाक्य गिळलं आणि हात वर केला.

नंदाबाईंनी खटका ओढला.

७

त्याच दिवशी शटर खाली ओढलं ते पंधरा दिवसांनी उघडलं. धम्मदीप आणि दोन हमालांनी भर दुपारी टेबल सॉ टेम्पोत चढवला, मी हत्यारं पोत्यात भरली. भुसा झाडून काढला. कुणाला काही झालं नाही, काही दिसलं नाही. आता माझं वर्कशॉप कान्ह्याला नंदाबाईंच्या जुन्या गोठ्यात आहे. जागा मोठी आहे, उजेड भरपूर. मशीन तेच, मफ तेच, आणि मफमध्ये घरघरीशिवाय काही नसतं. पहिले काही दिवस आम्ही दोघी मशीन चालू करून नुसत्या ऐकत उभ्या राहायचो. आता नाही राहत. नंदाबाईंची खुराडी कामशेतच्या बाजारात जातात आणि वर्गात सात जणी आहेत. सातही जणींची बोटं शाबूत आहेत.

वराळ्याचं गॅरेज रिकामं झालं तेव्हा धम्मदीपनं त्यात गाडी लावायला घेतली. मी त्याला एवढंच सांगितलं की गाडीचं तोंड मागच्या भिंतीकडे कर आणि बंपर भिंतीला टेकेपर्यंत पुढे घे. दार आत उघडणारं होतं. समोर गाडी असली तर ते उघडणार नाही. त्यानं कारण विचारलं नाही. क्वालिटीतला माणूस आहे, नेमून दिलेलं माप पाळतो.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी साडेआठला तो कामावर निघाला. उन्हाळा सुरू झाला होता, एसीसाठी काचा वर होत्या. त्यानं गाडी सुरू केल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात आला. माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, की काचा वर करून चालू गाडीत बसणं म्हणजे मफ घालून मशीनपाशी उभं राहण्यासारखंच आहे.

गाडी एकदम मागे आली आणि रस्त्यात आडवी थांबली. मी कणकेच्या हातानं बाहेर धावले. धम्मदीप स्टीअरिंग धरून बसला होता. मला बघून त्यानं काच खाली केली.

"बॉनेटवर कुणीतरी थाप मारली," तो म्हणाला. "दोनदा. पार्किंगवाले मारतात तशी, मागे घे म्हणून."

"मग?"

"मग मी मागे घेतली." तपासणीचा अहवाल द्यावा तसं तो क्रमानं सांगत होता. "गाडी हलली, जागा मोकळी झाली. मग दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला. अगदी स्वच्छ आला."

आम्ही दोघांनी गॅरेजकडे पाहिलं. ऊन भिंतीपर्यंत गेलं होतं. भिंत भिंतीसारखी होती.

मी एकच विचारलं. "कडी कुठून लागली?"

"आतून," तो म्हणाला. त्याला उशीर होत होता. त्यानं काच वर केली, मग पुन्हा खाली केली आणि तशीच उघडी ठेवून निघून गेला.

मी शटर ओढलं, कुलूप घातलं. गाडी आता रस्त्यावर असते. आतून म्हणजे भिंतीच्या आतून की गॅरेजच्या, हे मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही. या गोष्टीला चार महिने झाले. रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून चहा पितो, आणि मी अजून विचारलेलं नाही.